समलिंगी साहाय्य संस्थांमधील स्वयंसेवा (भारत)

समलिंगी, उभयलैंगिक व पारलिंगी व्यक्तींना समुपदेशन, आरोग्यसेवा व कायदेशीर मदत मिळवून देणाऱ्या संस्थांसाठी विनावेतन किंवा अल्प मानधनावर केलेल्या कामाला समलिंगी साहाय्य संस्थांमधील स्वयंसेवा म्हणतात. भारतीय कुटुंबांत लैंगिकतेविषयी उघडपणे बोलण्याची रीत नसल्याने या कामात गोपनीयता ही पहिली अट ठरते.

इतिहास

मुंबईत १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन झाला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्टची स्थापना केली. खिरे यांच्या मराठी लेखनामुळे, इंग्रजी न वाचणाऱ्या पालकांच्या हाती देण्याजोगे साहित्यही उपलब्ध झाले.

कायद्याचे सावट

भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ नुसार समलिंगी संबंध हा गुन्हा मानला जाई. जुलै २००१ मध्ये लखनौ येथे भरोसा ट्रस्ट व नाझ फाउंडेशन इंटरनॅशनल या संस्थांच्या चार कार्यकर्त्यांना अटक झाली व त्यांना ४७ दिवस कोठडीत राहावे लागले. एड्स प्रतिबंधासाठी शासनाचा स्वतःचा राष्ट्रीय कार्यक्रम असताना, तेच काम करणाऱ्यांवर ही वेळ आली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले.

कामाचे स्वरूप

दूरध्वनीवरील मदत हा या कामाचा गाभा होय. बोलणारा बहुधा नाव सांगत नाही. कित्येकदा बराच वेळ काहीच बोलत नाही. स्वयंसेवकाने नावाचा आग्रह धरायचा नसतो, तसेच आपण होऊन उलट दूरध्वनीही करायचा नसतो, कारण तो आई किंवा पत्नी उचलण्याची शक्यता असते. बाहेर भेट झाल्यास ओळख दाखवावी की नाही, हे समोरच्याने ठरवायचे.

सर्वांत अवघड प्रश्न लग्नाचा. घरचे स्थळे पाहू लागले की अनेक जण मदत मागतात. निर्णय स्वयंसेवकाने द्यायचा नसतो. मात्र जिला काहीच ठाऊक नाही अशा मुलीच्या आयुष्याचाही विचार त्यात आहे, याची जाणीव त्याला करून द्यावी लागते. आत्महत्येचे विचार व्यक्त करणाऱ्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले जाते.

स्वयंसेवकांपैकी काही स्वतः समलिंगी असून घरी ‘सामाजिक संस्थेत जातो’ एवढेच सांगतात. समलिंगी नसलेल्या स्वयंसेवकांकडेही संशयाने पाहिले जाते.

‘हा आजार बरा करा’ असा हट्ट धरणारे पालकही संस्थांकडे येतात. समलैंगिकता ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवल्याने, त्यांना समजावताना स्वयंसेवकांना आता या निर्णयाचा आधार घेता येतो.