क्लचविना गिअर: चढताना चालतो, उतरताना नडतो

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमोणे, न्हावेली, सांखळी या पट्ट्यात मोटारसायकल चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला फारशी उसंत मिळत नाही. खाणी जोरात होत्या तेव्हा पुढे खनिजाने भरलेला ट्रक आणि मागे दुसरा, अशा रांगेत पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करतच गाव गाठावे लागे. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ती रांग तुटली. वळणे, चढ आणि पावसाळ्यातला चिखल मात्र आहे तिथेच आहे. अशा रस्त्यावर काही तरुण क्लच न दाबताच गिअर बदलतात. ते पाहून गॅरेजवाला बजावतो, ‘गिअरबॉक्स खलास करशील.’ तरुण म्हणतात, काही होत नाही. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे.

मोटारसायकलच्या गिअरबॉक्समधली सगळी चाके एकमेकांत कायम अडकलेलीच असतात. आपण पाय मारतो तेव्हा एक चाक दांड्यावर थोडे सरकते आणि त्याच्या बाजूच्या जाड खुंट्या शेजारच्या चाकाच्या खाचांत जाऊन बसतात. हे सरकवण्याचे काम शिफ्टर फोर्क करतो. इंजिन जोर लावत असते तोवर खुंट्या खाचांत आवळून बसलेल्या असतात आणि सहज निघत नाहीत. क्लच दाबला की इंजिनाचा जोर तुटतो, खुंट्या मोकळ्या होतात आणि गिअर अलगद पडतो.

हा जोर तोडण्याचा आणखी एक मार्ग आहे. रेस क्षणभर सोडली की इंजिन मागच्या चाकाला ढकलायचे थांबते. इंजिन चाकाला ओढत नाही आणि चाकही इंजिनाला ओढत नाही, असा एक छोटासा क्षण येतो. नेमका तेव्हा पाय पडला तर क्लचविना गिअर बदलतो. शर्यतीतले चालक हेच करतात. महागड्या गाड्यांतला क्विकशिफ्टरही एवढेच करतो: पाय लागताच इंजिनाची ठिणगी क्षणभर तोडतो.

वरचा गिअर टाकताना हे जमते, पण खालचा टाकताना बिघडते. त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्या घेत असेल, तर त्याच वेगाला चौथ्यात ढोबळमानाने चार हजार पुरतात. म्हणजे फेऱ्या कमी व्हायला हव्यात आणि रेस सोडल्यावर त्या आपसूक कमी होतात. चौथ्यातून तिसऱ्यात येताना त्या वाढायला हव्यात. तिथे नुसती रेस सोडून पाय मारला की खुंट्या खाचेच्या कडेवर आपटतात, मागचे चाक झटका खाते आणि ओल्या रस्त्यावर घसरूही शकते. अचूक क्षणी रेस देऊन हे साधणारे चालक असतात, पण ट्रकच्या मागे ब्रेक दाबत असताना ते कौशल्य वापरायला जाऊ नये. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधले अंतर सर्वांत मोठे असते, म्हणून तिथे वर जातानाही क्लचच वापरावा.

चुकीच्या पद्धतीची किंमत लगेच दिसत नाही. खुंट्यांच्या कडा हळूहळू गोलावतात, फोर्क वाकतो आणि एके दिवशी भर चढावर गिअर आपोआप सटकतो. मग इंजिन खोलण्यावाचून इलाज नसतो. त्यापुढे क्लच प्लेटचा खर्च किरकोळच. क्लच वाचवण्यासाठी गिअरबॉक्स झिजवणे हा माझ्या मते उलटा व्यवहार आहे.

हाताचा त्रास वाचवण्याचा विचार कारखान्यांनीही केला आहे. 1958 मध्ये आलेल्या होंडा सुपर कबमध्ये क्लचचा दांडाच नव्हता. गिअरच्या पायपट्टीबरोबर क्लच आपोआप सुटत असे. किनेटिक होंडाने आणि पुढे अ‍ॅक्टिव्हाने तर आपल्याकडे गिअर बदलण्याचे कामच काढून टाकले. गोव्यात पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर प्रवासी नेणाऱ्या पायलटांना दिवसभर क्लच ओढावा लागतो, त्यामुळे या सोयीची खरी किंमत त्यांना विचारावी.

तरीही क्लचविना गिअर प्रत्येकाला यायला हवा, कारण क्लच वायर कधीतरी तुटतेच, आणि ती चोर्ला घाटातही तुटू शकते. अशा वेळी रस्ता मोकळा असेल तरच पुढे जावे. इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू करावे, सपाटीवर किंवा हलक्या उतारावर पायांनी गाडी रेटत वेग घ्यावा आणि मग पहिला गिअर टाकावा. झटका बसेल, हँडल घट्ट धरावे. पुढचे गिअर रेस सोडून टाकावेत. थांबण्याआधी न्यूट्रल शोधावा. सापडला नाही तर किल स्विच किंवा चावीने इंजिन बंद करावे. बाजारात किंवा रहदारीत शिरू नये, जवळचे गॅरेज गाठावे.

वायर तुटण्याआधी सूचना देते. क्लचचा दांडा जड होतो, टोकाशी तारेचे धागे सुटलेले दिसतात. दांड्याच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटर ढिलाई असावी. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत असतो. गोव्याच्या पावसात तार लवकर गंजते. म्हणून जून लागण्यापूर्वी वायरला तेल घाला, धागे सुटले असतील तर ती बदला, आणि एक नवी वायर सीटखाली ठेवून द्या.