परदेशातील कमाई आणि वतनाची खबर

आखाती देशांत रोजगारासाठी गेलेल्या आपल्या माणसाचे हात तिकडे आणि कान इकडे असतात. रात्री जेवण आटोपून खोलीत आठ-दहा जण बसले की आधी वतनाची खबर निघते, मग दुनियेतील अजब गोष्टी निघतात. पुष्कळांना हा नुसता विरंगुळा वाटतो. आम्ही काही वर्षे दुबईच्या देइरा भागात कापडाच्या दुकानात काढली आणि नंतर बेलपाड्यात कापडाचाच धंदा धरला. आमच्या गिऱ्हाइकांत तळोजे, पनवेल, उरणकडची कितीतरी घरे अशी आहेत की ज्यांचा कर्ता पुरुष आखातात आहे. या घरांचे नफे-नुकसान जवळून पाहून आमचे मत असे झाले आहे की परदेशात कमावणाऱ्याने बातमीकडे व्यापारी मालाच्या नजरेने पाहावे. माल उशिरा आला तर नुकसान होते, खोटा निघाला तर त्याहून मोठे होते.

हा संबंध जुना आहे. एके काळी दुबई, कतर, बहरीन, कुवेत येथे आपलाच रुपया चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे देशाचे परकीय चलन जाऊ लागले, म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये आपापला दिनार सुरू केला. दुबई-कतरमध्ये मात्र रुपयाच होता. ६ जून १९६६ रोजी दिल्लीत रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, आणि दुबईच्या व्यापाऱ्याची तिजोरी कुलूप न उघडता हलकी झाली. त्याच वर्षी दुबई आणि कतरनेही रुपया सोडला.

आमच्या वेळी खबर मिळण्याची साधने थोडी होती. टपालाने पत्र यायला दहा-पंधरा दिवस लागत. ज्या घरी लिहिता येत नसे त्या घरातून कॅसेट यायची. एका बाजूला अम्मी बोलायची, दुसऱ्या बाजूला मुले. रेडिओवर बीबीसीची उर्दू सेवा आणि ऑल इंडिया रेडिओची उर्दू सर्व्हिस लावली जाई. नवा माणूस मुंबईहून आला की त्याच्या सामानातला ‘इन्किलाब’ घड्या फाटेपर्यंत खोल्याखोल्यांतून फिरे. उर्दू शाळेत शिकल्यामुळे मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम आमच्याकडे असे. सुरतेच्या साड्यांच्या गठ्ठ्यातून निघालेला गुजराती कागददेखील कोणी ना कोणी उलगडून पाहत बसे, लिपी येवो न येवो! त्या बातम्या शिळ्या असत, पण छापणाऱ्याचे नाव-पत्ता खाली असे. आज मोबाईलवर खबर तत्क्षणी येते, मात्र तिचा जामीन राहणारा कोणी नसतो.

आता पैशाचे पाहू. यूएईचा दिरहम डॉलरशी ३.६७२५ या दराने आणि सौदी रियाल ३.७५ या दराने बांधलेला आहे. कतर आणि ओमानचेही तसेच आहे. कुवेतचा दिनार अनेक चलनांच्या मिश्रणाशी जोडलेला आहे. याचा अर्थ असा की दुबई-रियाधमध्ये बसलेल्या माणसाला मिळणारा रुपयाचा भाव तिकडे ठरत नाही, तो डॉलर-रुपयाच्या बाजारात ठरतो. म्हणून त्याने मुंबई, दिल्ली आणि अमेरिकेकडे लक्ष ठेवावे. २०१३ च्या मे महिन्यात डॉलर ५५ रुपयांच्या आसपास होता. अमेरिकेची मध्यवर्ती बँक बाजारात पैसा सोडणे कमी करणार अशी बातमी आली आणि २८ ऑगस्टला डॉलर ६८ रुपये ८० पैशांच्या पुढे गेला. दिरहमला साडेअठरा रुपयांच्या वर भाव मिळू लागला. आखातात काहींनी तर कर्ज काढून पैसे घरी पाठवले. दुसरे काही जण ‘सत्तर होणार’ या हवेवर हात बांधून बसले. ऑक्टोबरमध्ये डॉलर पुन्हा ६१-६२ वर आला. म्हणजे १,००० दिरहम थांबवून ठेवणाऱ्याचे सुमारे १,९०० रुपये गेले, आणि कर्ज काढणाऱ्याच्या गळ्यात हप्ते राहिले. ज्याला घरखर्च पाठवायचा आहे त्याने महिन्याच्या तारखेला पाठवावा. भावाची वाट पाहण्याची मौज फक्त शिलकी पैशावर करावी, तीही घरच्यांची परवानगी घेऊन.

नोटांच्या बाबतीत तर तारीखच सर्व काही असते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री ८ वाजता ५०० आणि १,००० च्या नोटा बंद झाल्याचे जाहीर झाले तेव्हा दुबईत साडेसहा वाजले होते आणि सौदीत साडेपाच. परत येताना विमानतळावर टॅक्सीला लागतील म्हणून प्रत्येकाच्या पेटीत दोन-चार नोटा होत्याच. बँकांत नोटा भरण्याची मुदत ३० डिसेंबरला संपली. त्या काळात देशाबाहेर असलेल्या परदेशस्थ भारतीयांना ३० जून २०१७ पर्यंत सवलत मिळाली, पण तिच्या अटी कडक होत्या: जास्तीत जास्त २५,००० रुपये, तेही फक्त मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता आणि नागपूर येथील रिझर्व्ह बँकेत, आणि विमानतळावर उतरताच कस्टममध्ये नोटा दाखवून घेतलेल्या प्रमाणपत्रासह. ‘जूनपर्यंत मुदत आहे’ एवढे सर्वांना कळले होते. प्रमाणपत्राचा अर्धा भाग ज्यांच्या कानी आला नाही ते ग्रीन चॅनलने थेट बाहेर पडले आणि त्यांच्या नोटा कागद झाल्या.

पुढे १९ मे २०२३ रोजी २,००० ची नोट मागे घेतली गेली तेव्हा उलट घडले. नोट रद्द झाली अशी आवई उठली आणि कित्येकांनी ती कमी भावात दुसऱ्याला देऊन टाकली. वास्तविक ती कायदेशीर चलनातून काढलेलीच नव्हती. बँकांची मुदत ७ ऑक्टोबर २०२३ ला संपल्यावरही रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत सोय ठेवली होती. देशातून टपालानेही नोट पाठवता येत होती. त्या १९ पैकी एक कार्यालय बेलापूरला, म्हणजे आमच्या बेलपाड्याच्या शेजारीच.

सर्वांत जास्त पैसा बुडतो तो जमिनीच्या बातमीत. पनवेलजवळ विमानतळ होणार ही खबर आखातात आपल्या मुलांच्या वयाची आहे. केंद्राची मंजुरी २००७ ची, पायाभरणी १८ फेब्रुवारी २०१८ ची, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ चे आणि प्रवासी विमाने सुरू झाली ती २५ डिसेंबर २०२५ पासून. मधल्या अठरा वर्षांत ‘विमानतळापासून दहा मिनिटे’ असे नकाशे घेऊन किती दलाल दुबई-दोह्याला फिरले याची गणती नाही. एकाने आम्हालाही नकाशा दाखवला होता. त्यात खाडी दिसत नव्हती! खबर खरी होती, विमानतळ झालाही, पण तिच्या आडून विकलेला माल वेगळाच होता. परदेशस्थ भारतीयाला भारतात घर, दुकान, बिनशेती प्लॉट घेता येतो; शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली शेती ठेवता येते. शिवाय महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला एरवीही शेतजमीन घेता येत नाही. म्हणून प्लॉट शेतीचा असेल तर भाव ऐकूच नये. बिनशेतीचा असेल तर सातबारा, फेरफार आणि बिनशेती आदेश घरच्या जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावा, आणि २०१७ पासून लागू झालेला महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. विकासकाच्या नावाने तो संकेतस्थळावर तिथूनच तपासता येतो. कुलमुखत्यारपत्र तिकडून करून पाठवले तर ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. हेही दलाल सांगत नाही.

अजब गोष्टींचे म्हणाल तर त्यांनाही आम्ही टाकाऊ म्हणणार नाही. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ नावाचे ४०० मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले. २३ तारखेपासून २९ तारखेपर्यंत दुनिया त्याची चित्रे पाहून हसत होती. रमजान दोन-तीन आठवड्यांवर आला होता आणि तुर्कस्तानकडचे कापड दुबईला त्याच वाटेने येते, त्यामुळे कापडवाल्याला हसू येत नव्हते. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा मोठ्या कंपन्यांनी युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नेली. प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला आणि कंटेनरचे भाडे भडकले. इथे निर्यातदारासाठी शिवणकाम, भरतकाम करणाऱ्या कारागिराला त्याचा पत्ता ऑर्डर थांबल्यावर लागला.

अशा वेळी खबर उलट दिशेने यायला हवी. ज्याचा भाऊ वा भाचा जिद्दा, जबल अली किंवा सलालाच्या बंदरात कामाला आहे त्याने फोनवर खुशाली विचारून झाल्यावर एवढेच विचारावे: जहाजे वेळेवर लागतात का, भाडे वाढले का, गोदामात माल पडून आहे का. बंदरावरच्या माणसाला हे आधी दिसते. आणि ऑर्डर घेताना वाढलेले भाडे कोणी सोसायचे, मालाला उशीर झाला तर मजुरी कोणत्या तारखेला मिळायची, हे निर्यातदाराकडून कागदावर लिहून घ्यावे.