राखणीचं पिल्लू आजारी पडलं तर : पहिला दिवस वाया घालवू नका



आपल्या कुही तालुक्यात कुत्रं हे काही हौसेचं जनावर नाही. रात्री धानाच्या बांधीत डुकरं शिरली, तर पहिली वर्दी तेच देतं. मिरचीचा सातरा असो, खळं असो की कोठ्यातली ढोरं असोत, मालक झोपला तरी कुत्रं जागं असतं. म्हातारं कुत्रं गेलं की आपण कुणाकडून तरी दीड महिन्याचं पिल्लू मागून आणतो. चार दिवस ते अंगणात बागडतं, लेकरं त्याला कडेवर घेऊन फिरतात. आणि पाचव्या दिवशी ते कोपऱ्यात मान टाकून बसतं.

मग घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं ऊन लागलं, कुणी म्हणतं नजर लागली. कुणी हळद-दूध पाजतं, तर कुणी घरातली तापाची गोळी अर्धी करून देतं. यात दोन दिवस जातात. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्यावं म्हटलं, तर पिल्लात जीव उरलेला नसतो. हे दोन दिवस कसे वाचवायचे, एवढंच या पत्रकात सांगायचं आहे.

घाई कशासाठी?

दीड-दोन किलोच्या पिल्लाच्या अंगात पाणी आणि साखर यांचा साठा फार थोडा असतो. मोठं कुत्रं दोन दिवस उपाशी राहून सावरतं. पिल्लू मात्र ओकारी आणि हगवणीनं एका रात्रीतच सुकून जातं. म्हणून एक साधा नियम ध्यानात ठेवा. एक वेळ खाल्लं नाही तर लक्ष ठेवा. खाल्लं नाही आणि सोबत ओकारी, हगवण किंवा सुस्ती असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सगळ्यात घातक आजार : पार्वो

हा विषाणूचा रोग १९७८ च्या सुमारास कुत्र्यांमध्ये प्रथम ध्यानात आला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. साधारण दीड ते सहा महिन्यांच्या पिल्लांना तो जास्त होतो. आधी पिल्लू मलूल होतं आणि खाणं सोडतं. मग ओकाऱ्या सुरू होतात. एक-दोन दिवसांत पाण्यासारखी, रक्त मिसळलेली, घाण वासाची हगवण लागते.

विषाणू आतड्याचं अस्तर सोलून काढतो. त्यामुळे पाणी आणि अन्न अंगी लागत नाही आणि आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. या विषाणूला मारणारं खास औषध नाही. पण सलाईन, ओकारी थांबवणारं औषध, जंतुनाशक इंजेक्शनं आणि ऊब देऊन पिल्लाला तीन-चार दिवस तगवलं, तर शरीर स्वतःच रोगावर मात करतं. वेळेवर उपचार झालेली बहुतेक पिल्लं वाचतात, उपचाराविना बहुतेक मरतात.

दुसरे आजार

डिस्टेंपर : डोळ्यांतून आणि नाकातून घट्ट चिकट स्राव, ताप, खोकला. पुढे अंगाला झटके येतात.

जंत : पोट नगाऱ्यासारखं आणि अंग वाळलेलं, हिरड्या पांढऱ्या. जंत आईकडूनच पिल्लात येतात.

गोचीड आणि पिसवा : लहान जिवाचं एवढं रक्त पितात की पिल्लू उभं राहू शकत नाही.

विषबाधा : धानावर किंवा मिरचीवर फवारलेलं औषध, उंदराची गोळी. एकाएकी लाळ, थरथर, झटके. औषधाचा डबा किंवा चिठ्ठी सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा.

घरच्या घरी तपासणी

१. ओठ उचलून हिरडी पाहा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओली असते. बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत यावा. पांढरी, कोरडी किंवा निळसर हिरडी म्हणजे धोका.

२. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच बसली नाही, तर अंगातलं पाणी कमी झालं आहे.

३. ताप मोजा. थर्मामीटरला थोडं तेल लावून गुदद्वारात हळूच सरकवा आणि मिनिटभर धरा. साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. १०४ च्या वर ताप किंवा ९९ च्या खाली गारठा, दोन्ही वाईट. पुष्कळ जण तापाला भितात, पण गार पडलेलं पिल्लू जास्त संकटात असतं. हे थर्मामीटर माणसांसाठी पुन्हा वापरू नका.

दवाखान्यात पोचेपर्यंत

पिल्लाला कोरड्या पोत्यात गुंडाळा. बाटलीत कोमट पाणी भरून, तिच्यावर फडकं लपेटून जवळ ठेवा. फार मलूल असेल, तर साखरेचं किंवा गुळाचं पाणी बोटानं हिरड्यांना चोळा. ओकारी होत नसेल, तरच जलसंजीवनीचं पाणी चमचा-चमचा, दहा-पंधरा मिनिटांनी द्या. ओकत असेल, तर तोंडानं काही पाजू नका. जबरदस्तीनं पाजलेलं दूध किंवा काढा फुप्फुसात जातो. माणसांची तापाची, अंगदुखीची किंवा हगवण बंद करायची गोळी मुळीच देऊ नका.

ओकारी कधी सुरू झाली, किती वेळा झाली, रक्त होतं का, पिल्लू कुठून आणलं, लस दिली होती का, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टरांचा वेळ वाचतो. आधी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर विचारून पाहता येईल. मोठ्या उपचारासाठी नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १९५८ साली सुरू झालं आणि तिथे जनावरांचा दवाखानाही आहे.

एक सावधगिरी

पार्वो माणसांना किंवा ढोरांना होत नाही. पण पिल्लू विचित्र वागत असेल, लाळ गाळत असेल, गिळता येत नसेल, तर ते रेबीज असू शकतं. घशात हाड अडकलं समजून तोंडात हात घालू नका. पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज होत नाही, असं नाही. दात किंवा नख लागलं, तर जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. तिखट किंवा चुना लावू नका.

रोग गेल्यावर

पार्वोचा विषाणू जमिनीत कित्येक महिने, सावलीत वर्षभरही टिकतो. फिनाईलवर भरवसा ठेवू नका. विष्ठा उचलून खोल पुरा. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी मिसळून फरशी, भांडं आणि साखळी दहा मिनिटं भिजवून धुवा. चपलांनीही रोग दुसऱ्या अंगणात जातो. त्या जागी बिनलशीचं नवं पिल्लू लगेच आणू नका.

खरा उपाय आधीचाच

जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून, दोन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरवड्याला आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा द्यावं. मात्रा वजनाप्रमाणे असते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच द्या. पार्वो-डिस्टेंपरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते. पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत ती द्यावी लागते. एकच सुई का पुरत नाही? आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण आधीच्या लशीला निष्प्रभ करतं आणि ते नेमकं कधी संपेल, हे बाहेरून कळत नाही. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस. नंतर डॉक्टर सांगतील त्या वेळी पुन्हा. लस पूर्ण होईस्तोवर पिल्लाला बाजारात आणि गावकुत्र्यांत फिरवू नका. पिल्लू दीड नव्हे, दोन महिन्यांचं झाल्यावरच आईपासून तोडा.

आपल्यासाठी आणखी एक कारण आहे. २०१२ साली जाहीर झालेलं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आपल्या शिवारांना लागून आहे. डिस्टेंपर कुत्र्यांतून रानातल्या जनावरांनाही लागू शकतो. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मेले, त्यांच्यातल्या काहींमध्ये याच रोगाचा विषाणू सापडला. म्हणजे आपल्या दारच्या कुत्र्याला दिलेली लस जंगलातल्या वाघालाही राखते.

बैल आजारी पडला की आपण रात्रीसुद्धा डॉक्टरांना बोलावतो. जे पिल्लू उद्या आपलं पीक राखणार आहे, त्याच्यासाठी एक सकाळ काढायला काय हरकत आहे? हे पत्रक कोठ्याच्या भिंतीवर चिकटवून ठेवा, आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.