तडा रोखणारा पत्रा
विमानासाठी हलका पत्रा घडवणे हे एकट्या प्रयोगशाळेचे काम नव्हे, हे ‘ग्लेअर’ या पत्र्याने दाखवून दिले. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात अॅल्युमिनियमच्या अतिपातळ पत्र्यांमध्ये काचतंतूंचे थर चिकटवून तो घडवला गेला. धातूला तडा गेला तरी शाबूत तंतू त्याच्या दोन्ही कडा धरून ठेवतात, त्यामुळे तडा फार सावकाश पसरतो. पण चाचणीची पट्टी टिकणे वेगळे आणि विमानाच्या धडाचा भलामोठा वक्र भाग बनवणे वेगळे. ते कसब फोकर या डच विमान-कंपनीच्या कारखान्यात होते, म्हणूनच एअरबस ए३८०च्या धडाच्या वरच्या भागात ग्लेअर बसले.

ग्लेअर महाग पडते, हा आक्षेप खरा आहे. शिवाय ए३८०चे उत्पादन २०२१मध्ये थांबले. मात्र त्याचे कारण वेगळे होते: चार इंजिनांच्या या अवाढव्य विमानाला पुरेसे गिऱ्हाईक उरले नव्हते. उत्पादन थांबल्याचा ठपका पत्र्यावर ठेवणे मला पटत नाही.