तुरटपणाचा भाव: हिरड्यातलं टॅनिक ॲसिड

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे नाणेघाटापासून आहुपे-भीमाशंकरच्या डोंगरापर्यंत, बाळहिरड्याचा हंगाम आला की आमच्या बचत गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. हिरडा एकाच रानातला, वेचला एकाच आठवड्यात, मग एकीला भाव जास्त आणि दुसरीला कमी, असं का? व्यापारी म्हणतो, "तुमचा माल उतरलाय." उतरला म्हणजे नेमकं काय झालं, ते आज समजून घेऊ. नारायणगाव-मंचरकडच्या मैत्रिणींनीही ऐका, शेवटची गोष्ट तुमच्यासाठीही आहे.

हिरड्याचा तुकडा जिभेवर ठेवला की तोंड कसं आवळतं, हे आपल्याला ठाऊक आहे. तो तुरटपणा ज्यामुळे येतो त्याला टॅनिन म्हणतात. सुक्या हिरड्याच्या गरात ते भरपूर असतं, वजनाच्या साधारण तीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दहा किलो गर विकला तर त्यात तीनेक किलो नुसता तुरटपणा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत टॅनिक ॲसिड नावाची फिकट पिवळट पूड बाटलीत असते, ती याच घराण्यातली. पाण्यात ती चटकन विरघळते, आणि प्रथिन दिसलं की त्याला चिकटून बसते.

हे चिकटणं घरी बघता येतं. अंड्यातलं पांढरं थोड्या पाण्यात ढवळून गाळून घ्या आणि त्यात हिरड्याचं उकळून गाळलेलं पाणी ओता. लगेच गढूळ होऊन साका धरतो. तोंडातही तेच होतं. लाळेतली प्रथिनं टॅनिनने धरली की लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ कोरडी वाटते. जनावराचं कातडंही प्रथिनाचंच. ओलं कातडं नुसतं ठेवलं तर सडतं, पण टॅनिनच्या पाण्यात मुरवलं की त्याचे धागे बांधले जातात आणि ते टिकतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा वापरूनच कमावतात. अर्धवट वाढलेल्या फळाला चांभारी हिरडा हे नाव पडलं ते त्यातूनच. त्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या हिरड्याचं नाव मात्र कुणी घेत नाही, ते असो.

आता माल उतरतो कसा ते बघू. टॅनिन हा मोठा रेणू आहे, लहान तुकडे जोडून झालेला. त्यातल्या एका तुकड्याचं नाव गॅलिक ॲसिड. ते १७८६ मध्ये शेले या स्वीडनच्या रसायनशास्त्रज्ञाने मायफळापासून वेगळं केलं. मायफळ म्हणजे बाळगुटीच्या सहाणेवर हिरड्याशेजारीच उगाळतात तेच. हिरड्याला ओल लागली की त्यावर बुरशी येते, आणि काळी बुरशी टॅनिनचा मोठा रेणू तोडून त्याचं गॅलिक ॲसिड करते. एवढ्या लहान तुकड्याला कातडं बांधून ठेवणं जमत नाही. फळ दिसायला तेच, पण कातड्याच्या धंद्याला ज्यासाठी ते हवं होतं तेच निघून गेलेलं. शिवाय टॅनिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे वळवाच्या पावसात भिजलेल्या ढिगाखालून जे तांबूस-काळं पाणी वाहतं, तो आपला पैसाच वाहत असतो. गंमत अशी, की कारखान्यात हीच बुरशी मुद्दाम वापरून टॅनिनपासून गॅलिक ॲसिड करता येतं. को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळीतलं एक औषध त्यापासून बनवता येतं, आणि तेल खवट होऊ नये म्हणून घालायचा एक पदार्थही. पण ते त्यांच्या टाकीत, हिशोबाने. आपल्या पोत्यात झालं तर नुकसानच.

म्हणून वाळवण महत्त्वाचं. वेचलेला हिरडा रात्रभर ढीग करून ठेवू नका, आतून तो गरम होतो. पातळ पसरा, दिवसातून दोन-तीनदा हलवा, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करा. ओला असताना प्लॅस्टिकच्या कागदाने घट्ट झाकला तर आत घाम धरतो, त्यापेक्षा छपराखाली पसरलेला बरा. दाबला तर लवतो तो कच्चा, कडकन मोडतो तो वाळलेला. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा. आणि वाळलेल्या मालात एकीचा ओला माल मिसळू नका. सगळ्या पोत्याला ओल लागते, मग गटात भांडण. २०१३-१४ पासून केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत हिरडा आहे. पण तो आधार चांगल्या वाळलेल्या मालालाच, ओल्याला तिथेही कुणी विचारत नाही.

गंजक्या पत्र्यावर मात्र वाळवू नका. टॅनिन आणि लोखंड भेटले की काळंनिळं होतं. हिरड्याच्या पाण्यात गंजका खिळा टाकून तासाभराने बघा, शाईच तयार होते. पूर्वीची लिहायची काळी शाई याच मेळाने बनायची. आंध्रातल्या कलमकारीत कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात बुडवतात, मग गूळ आणि लोखंडाच्या आंबवलेल्या पाण्याने रेघ ओढली की ती काळीभोर उमटते. हिरडा उकळायचा तोही म्हणूनच स्टीलच्या भांड्यात, लोखंडी कढईत नाही.

ती शाई आठवली की पुढचं पटेल. आशाताई रक्तवाढीच्या ज्या गोळ्या देतात त्यात लोहच असतं. चहातही हिरड्यासारखे तुरट पदार्थ असतात. गोळी चहाबरोबर घेतली तर पोटात हे दोघे एकमेकांना धरून बसतात आणि लोह अंगी कमी लागतं. गोळी महिनोन् महिने घेऊनही रक्त वाढत नाही म्हणणाऱ्या बाईला आधी विचारा, गोळी कशाबरोबर घेतेस? त्यातल्या कितीतरी जणी सकाळच्या चहाबरोबर घेतात, कारण तेव्हाच आठवण राहते. गोळी आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा. हिरड्याचं चूर्ण घेत असाल तर तेही गोळीपासून लांब, आणि गरोदर बाईने ते स्वतःच्या मनाने घेऊच नये. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उलट लोह जास्त लागतं. लिंबू नसेल तर साध्या पाण्याबरोबर.