तलवार मासा : नावाचा अर्थ व खरी ओळख

प्राण्यांची नावे पुष्कळदा त्यांच्या रूपावरून पडतात. अशी नावे ओळख पटविण्यास उपयोगी पडतात. परंतु केवळ एका साम्यावर विसंबल्यास फसगतही होते. तलवार मासा हे याचे चांगले उदाहरण होय.

या माशाचे ‘झिफियस ग्लॅडियस’ हे शास्त्रीय नाव लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली प्रसिद्ध केले. ग्रीक भाषेत ‘झिफॉस’ म्हणजे तलवार आणि लॅटिन भाषेत ‘ग्लॅडियस’ म्हणजेही तलवार. अशा रीतीने एकाच नावात तलवार दोनदा आली आहे. फुलशेती करणाऱ्यांच्या परिचयाच्या ग्लॅडिओलसचे नावही याच लॅटिन शब्दापासून झाले असून त्याचा अर्थ ‘लहान तलवार’ असा आहे. त्याची पाने तलवारीच्या पात्यासारखी असतात, म्हणून हे नाव.

माशाची तलवार म्हणजे पुढे वाढलेला वरचा जबडा होय. ती चपटी असून तिच्या कडांना दात नसतात. आडवे वार करून भक्ष्य जखमी करण्यासाठी तिचा उपयोग होतो. पूर्ण वाढलेल्या माशाच्या अंगावर खवले नसतात व पोटाखालचे परही नसतात. हा खोल, खुल्या समुद्रात राहणारा मासा आहे.

करवत मासा मात्र अगदी निराळा. तो पाकटाच्या वर्गातील असून त्याचा सांगाडा कूर्चेचा असतो. त्याच्या लांब मुस्कटाच्या दोन्ही कडांना करवतीसारखे दाते असतात आणि कल्ल्यांच्या फटी अंगाच्या खालच्या बाजूस असतात. तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात व खाड्यांत वावरतो. त्याची वाढ सावकाश होते, पिले थोडी होतात आणि दाते जाळ्यात सहज अडकतात. त्यामुळे हा मासा नष्टप्राय होत चालला आहे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली करवत माशांचा समावेश करण्यात आला असून त्यांना मारणे किंवा विकणे हा गुन्हा आहे.

म्हणून लांब मुस्कटाचा मासा जाळ्यात आल्यास मच्छीमार बंधूंनी प्रथम त्याच्या कडा पाहाव्यात. कडांना दाते आढळल्यास जाळ्याचे धागे कापावेत आणि करवतीस इजा न करता मासा जिवंत समुद्रात सोडावा. जाळे पुन्हा विणता येते. नाहीशी झालेली जात परत आणता येत नाही.