डब्यातल्या दुधात एक जीवनसत्त्व राहिले, तर?

इस्राएलमध्ये २००३ साली अवघ्या काही महिन्यांची बाळे एकामागून एक रुग्णालयात दाखल होऊ लागली. उलट्या, सुस्ती, डोळ्यांच्या हालचालींत बिघाड अशी लक्षणे होती. काही बाळे दगावली, तर वाचलेल्यांपैकी अनेकांना मज्जासंस्थेचे कायमचे विकार जडले. ही सारी बाळे सोयाबीनपासून बनवलेले एकच डब्याचे दूध पीत होती. जर्मनीतील ‘ह्युमाना’ कंपनीने ते इस्राएलच्या ‘रेमेडिया’साठी तयार केले होते आणि त्यात ‘ब-१’ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, जवळजवळ नव्हतेच. सोयाबीनमधूनच ते पुरेसे मिळेल, हा उत्पादकांचा समज चुकीचा ठरला होता.

चूक भरून निघत नाही

मोठ्या माणसाच्या एखाद्या पदार्थात काही कमी पडले, तर ते डाळीतून, भाजीतून भरून निघते. वरच्या दुधावर असलेल्या बाळाला मात्र पहिले सहा महिने दुसरे अन्नच नसते. त्यामुळे आवश्यक असलेला प्रत्येक घटक डब्यातच असावा लागतो. अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या प्रारंभी अशाच एका दुधातील ‘ब-६’ जीवनसत्त्व प्रक्रियेतील उष्णतेने नष्ट झाले आणि बाळांना झटके येऊ लागले होते.

स्निग्धांश कशासाठी?

आईच्या दुधातील सुमारे निम्मी ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून येते. गाईच्या दुधातील स्निग्धांश बाळाला नीट पचत नाही, म्हणून बहुतेक पावडरींमध्ये पाम, खोबरे, सोयाबीन, सूर्यफूल अशा तेलांचे मिश्रण वापरतात. लिनोलेइक व अल्फा-लिनोलेनिक ही आम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती या तेलांतूनच मिळतात. मेंदू व दृष्टिपटलाच्या जडणघडणीत लागणारे ‘डीएचए’ अनेक उत्पादक वेगळे मिसळतात. ‘अ’, ‘ड’, ‘ई’ आणि ‘के’ ही जीवनसत्त्वे स्निग्धांशात विरघळतात, त्यामुळे ती शोषली जाण्यासाठीही स्निग्धांश हवाच. शिवाय ‘ई’ जीवनसत्त्व ही तेले खवट होण्यापासून वाचवते.

घरात काय पाळावे?

डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पावडरीचे चमचे कमी केले, तर स्निग्धांशापासून जीवनसत्त्वांपर्यंत सारेच कमी पडते. दूध घट्ट केल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून डब्यातलाच चमचा वापरावा, पाण्याचे प्रमाण लेबलवर दिले असेल तेवढेच ठेवावे आणि मुदत तपासावी. सोयाबीनचे दूध डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून सुरू करू नये.

आईचे दूध हाच सर्वोत्तम आहार होय. डब्यावर तसे छापणे भारतात १९९२च्या कायद्याने बंधनकारक आहे. दुधाच्या पावडरींच्या जाहिरातींनाही त्यात बंदी आहे. तथापि, आईच्या दुधातही ‘ड’ जीवनसत्त्व अल्पच असते. त्यामुळे पहिल्या वर्षी बाळाला रोज ४०० आंतरराष्ट्रीय एकके ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब देण्याची शिफारस बालरोगतज्ज्ञ करतात.